हंस जूनमध्ये आवरत नाहीत

उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत जून महिना आला की नगरपरिषदेच्या बैठकीत कॅनडा हंसांचा (‘कॅनडा गूज’ या जंगली पक्ष्याचा) विषय निघतो. तळ्याकाठची पायवाट विष्ठेनं निसरडी झालेली असते, पोहायचा किनारा पाण्याच्या तपासणीत नापास झालेला असतो, पिल्लांच्या जवळ गेलेल्या एखाद्या मुलावर नर धावून गेलेला असतो. एक गट म्हणतो, पक्षी पकडून मारा. दुसरा म्हणतो, हात लावाल तर कोर्टात खेचू. खडाजंगी होते, समिती नेमली जाते, तिचा अहवाल येईपर्यंत पानगळ सुरू होते आणि विषय थंड पडतो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच बैठक भरते. फरक एवढाच, की हंस आणखी वाढलेले असतात.

मारावं की मारू नये हा प्रश्न फालतू नाही. पण तो जूनमध्ये विचारला जातो, ही मुळातली गफलत आहे. हंसांची संख्या रोखण्याची जवळजवळ सगळी स्वस्त आणि रक्त न सांडणारी कामं फेब्रुवारी ते मे या काळात उरकावी लागतात. जूनमध्ये पिल्लं बाहेर आलेली असतात, मोठ्यांची उडायची पिसं झडायला लागलेली असतात, आणि पालिकेच्या हातात एकच परिणामकारक उपाय उरतो: सर्वांत कटू असलेला. पालिका तक्रारींवर चालते आणि लोक तक्रार करतात ते पिल्लं दिसल्यावर. एप्रिलमध्ये झुडपाखाली मुकाट बसलेल्या मादीबद्दल कुणी फोन करत नाही.

हे पक्षी इथे वाढले कसे, ते आधी पाहायला हवं, कारण त्यात सरकारी हात मोठा आहे. बेसुमार शिकार आणि पाणथळींचा नाश यांमुळे कॅनडा हंस इतके घटले होते, की त्यांची सर्वांत थोराड उपजात नामशेष झाली असं 1950 च्या दशकात मानलं जाई. 1962 मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर शहरात, वीजकेंद्रातून सुटणाऱ्या कोमट पाण्यामुळे हिवाळ्यात न गोठणाऱ्या सिल्व्हर लेकवर, तिचा थवा सापडला. मग राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी तिची पैदास करून ठिकठिकाणी पक्षी सोडले. त्याआधी, 1935 मध्ये, शिकारीसाठी जिवंत हंस आमिष म्हणून वापरायला बंदी आली तेव्हा पाळीव थवेही मोकळे सुटले होते. हंस स्थलांतराची वाट आईबापांबरोबर उडून शिकतो. या पक्ष्यांना ती दाखवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते सोडले तिथेच राहिले, तिथेच व्याले. मादी अंडी घालायला सहसा स्वतः जन्मली त्याच परिसरात परतते, त्यामुळे वस्ती पिढ्यान्‌पिढ्या घट्ट होत गेली. 2005 च्या सुमारास अमेरिकेतल्या अशा मुक्कामी हंसांचा अंदाज 30 लाखांच्या वर गेला होता.

आणि आपण त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलं. कोवळं, खत घातलेलं, आखूड कापलेलं गवत. लगेच शेजारी पाणी. मध्ये नजर अडवणारं काहीही नाही. कापलेल्या गवताला फुटणाऱ्या नव्या पात्यात प्रथिनं जास्त असतात, त्यामुळे दर आठवड्याला फिरणारं कापणी यंत्र हंसांचीच सोय करत असतं. गवतातला तंतुमय भाग या पक्ष्याला फारसा पचत नाही, म्हणून तो दिवसभर चरतो आणि दिवसभर घाण करतो. शहरात शिकार नाही, कोयोटी (लांडग्याच्या कुळातला छोटा शिकारी प्राणी) आणि कोल्हे कमी. वर पावसाचं पाणी साठवायला खोदलेल्या तळ्यांच्या मधोमध शोभेची बेटं ठेवायची हौस. मादीच्या दृष्टीनं घरट्याला त्याहून सुरक्षित जागा दुसरी नाही. थंडीत पाणी गोठू नये म्हणून चालू ठेवलेली कारंजी हिवाळी पाहुण्यांनाही थांबवून घेतात. हंस उद्यानात घुसले, असं लोक म्हणतात. उद्यानांचे आराखडे पाहिले तर तसं म्हणवत नाही.

आता अंड्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे आणि सगळ्यात जास्त ढिलाईही तिथेच होते. मादी साधारण दीड दिवसाला एक या गतीनं पाच-सहा अंडी घालते आणि शेवटचं अंडं घातल्यावरच उबवायला बसते. पुढे 25 ते 28 दिवसांत पिल्लं बाहेर येतात. अंडी उचलून नेली तर ती बऱ्याचदा दुसरं घरटं करते, म्हणजे श्रम वाया. म्हणून अंडी जागेवर ठेवून त्यांची वाढ थांबवायची असते. त्यासाठी मक्याचं शंभर टक्के शुद्ध खाद्यतेल लागतं, दुसरं काही नाही. अंडं तेलात बुडवून किंवा चारी बाजूंनी फवारून काढलं की कवचाची छिद्रं बंद होतात, आत हवा जात नाही. मादीला फरक कळत नाही. ती मुदत उलटेपर्यंत बसून राहते आणि तोवर दुसरं घरटं करण्याचा हंगाम निघून जातो.

काम दोघांनी करायचं. एकानं उघडी छत्री ढालीसारखी धरून नराला अडवायचं, दुसऱ्यानं घरट्याशी बसायचं. छत्री मारण्यासाठी नसते; मोठा आकार समोर आला की नर सहसा फुत्कारत मागे सरतो. हातमोजे आवश्यक. 2021 च्या अखेरीपासून या खंडात बर्ड फ्लूचा नवा विषाणू जंगली हंसांतही पसरला आहे, त्यामुळे मेलेला किंवा मान वाकडी करून फिरणारा पक्षी दिसला तर त्याला हात न लावता वन्यजीव खात्याला कळवायचं.

अंडी थंड आणि संख्येनं कमी असतील तर घालणं अजून संपलेलं नाही. घरट्याशेजारी क्रमांकाची पट्टी रोवून, नकाशावर खूण करून परत यायचं. अंडी उबदार असतील तर एकेक अंडं पाण्याच्या बादलीत सोडायचं. तळाशी बसलं तर ते दोन आठवड्यांहून कमी वयाचं. पुसून, तेल लावून, पेन्सिलनं खूण करून परत ठेवायचं. वर तरंगलं तर आतला जीव बराच वाढलेला आहे, त्याला तेल लावायचं नाही. ही मर्यादा प्राणीकल्याण संस्थांनीच घालून दिलेली आहे आणि ती पाळली तरच या कामाला लोकांचा पाठिंबा टिकतो. दुसऱ्या टोकाला, उबवणं सुरू व्हायच्या आधीच तेल लावलं तर परिणामाची खात्री नसते; शेवटचं अंडं घातल्यावर निदान पाच दिवस जाऊ द्यायचे. म्हणजे एका घरट्यासाठी हातात जेमतेम नऊ-दहा दिवस असतात. सगळी घरटी एकाच दिवशी सुरू होत नाहीत, म्हणून त्याच जागी दहा-बारा दिवसांच्या अंतरानं किमान दोन फेऱ्या लागतात, तीन झाल्या तर उत्तम. एका शनिवारी स्वयंसेवक जमवून, फोटो काढून मोहीम फत्ते झाली असं जाहीर करणाऱ्या शहरांत मे महिन्यात पिल्लं दिसतात, आणि मग ‘तेलाचा उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

दुसरं अपयश घरटी न सापडण्याचं. काठावरची सगळ्यांना दिसतात. राहतात ती सपाट छपरांवरची, पार्किंगमधल्या झाडांच्या आळ्यांतली, तळ्यातल्या बेटावरची आणि शेजारच्या गोल्फ मैदानातली. किती सापडली तर पुरे, याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समजा एका उद्यानात 200 पक्षी आहेत आणि त्यांत 30 जोड्या विणीच्या. पाच अंडी धरली तर 150 अंडी. निम्मी पिल्लं उडण्याच्या वयाला पोचली तर 75 नवे पक्षी. शहरात मोठे पक्षी फार मरत नाहीत. वर्षाला दहा टक्के धरले तर 20 गेले. म्हणजे काहीच न करता वर्षाकाठी 55 ची भर. संख्या नुसती स्थिर ठेवायची तर 20 च पिल्लं वाढायला हवीत, म्हणजे जास्तीत जास्त आठ घरटी हुकलेली चालतील. तीसपैकी बावीस सापडलीच पाहिजेत. आणि तीसच्या तीस सापडली, बाहेरून एकही पक्षी आला नाही, तरी संख्या वर्षाला दहा टक्क्यांनीच उतरेल: पाच वर्षांनी 118. हंस वीस वर्षंही जगू शकतो, त्याला हे मंद गणित मानवतं. पाच वर्षं चिकाटीनं करायचं काम दोन वर्षांच्या अनुदानावर आखलं की काय होतं, ते सांगायला नको.

पण अंड्यांच्या कामाचा एक फायदा या हिशेबात दिसत नाही, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पिल्लं असलेली जोडी उन्हाळाभर जागची हलत नाही. पिल्लांना उडायला सुमारे दहा आठवडे लागतात आणि तोवर आईबापांचीही उडायची पिसं झडलेली असतात. पिल्लं नसलेल्या पक्ष्यांना मात्र असं बांधून ठेवणारं काही नसतं. मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला असे कित्येक पक्षी पिसं टाकण्यासाठी उत्तरेला, पार कॅनडातल्या हडसन आणि जेम्स उपसागरांच्या बाजूला निघून जातात. घरटी वाया गेलेल्या जोड्यांना मुदत उलटल्यावर घरटं मोडून, कुत्रे दाखवून नेमक्या त्या पंधरवड्यात उठवलं, तर ऐन उन्हाळ्यात उद्यान बरंच मोकळं राहतं. वर्षाची संख्या तेवढीच असली तरी तक्रारींच्या महिन्यातली कमी होते. उद्यान वापरणाऱ्याला हाच फरक जाणवतो.

कुत्र्यांच्या बाबतीतही तारखाच महत्त्वाच्या. बॉर्डर कॉली जातीचा शिकवलेला कुत्रा दबकत, नजर रोखून चालतो. हंसांना तो शिकारी वाटतो, पण तो चावत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये जोड्या जागा शोधत असताना दिवसातून दोन-तीनदा, वेळ बदलून फेऱ्या झाल्या तर बऱ्याच जोड्या दुसरीकडे जातात. पक्षी पाण्यात उतरून कुत्र्याची गंमत बघत बसतात, म्हणून सोबत छोटी होडी लागते. मादी अंड्यांवर बसल्यावर त्या भागात कुत्रा न्यायचा नाही, आणि पिसं झडलेल्या, उडू न शकणाऱ्या पक्ष्यांवर तर मुळीच नाही. ती छळवणूक ठरेल, शिवाय ते जाणार कुठे? नुसतं हुसकावायला अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही, फक्त पक्ष्याला, अंड्यांना, उबवणाऱ्या मादीला इजा होता कामा नये. खरी अडचण अशी, की उठलेला थवा शेजारच्या गावाच्या तळ्यावर उतरतो. दोन पालिका एकमेकींच्या अंगणात हंस ढकलत दोघी कंत्राटदाराला पैसे मोजत राहतात. तळी एका खोऱ्यातली असतील तर कंत्राटही एकच हवं.

प्लॅस्टिकचे कोयोटी, घुबडं, चकाकत्या फिती यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. थोड्याच दिवसांत हंस त्यांच्या सावलीत चरताना दिसतात. हिरवा लेसर झोपायला उतरलेल्या थव्यावर संधिप्रकाशात चालतो, भर दुपारी नाही, आणि विमानतळाच्या आसपास तो वापरायचाच नाही. गवतावर फवारायच्या औषधांत द्राक्षांच्या स्वादासाठी वापरलं जाणारं मिथाइल अँथ्रानिलेट पावसानं धुऊन जातं आणि कापणीबरोबर निघून जातं. छोट्या जागेपुरतं, एखाद्या समारंभाआधी ठीक. पकडून दूर सोडणं लोकांना दयाळू वाटतं, पण मोठे पक्षी शेकडो किलोमीटरवरून परततात. जिथे उडायला शिकतील तिथलीच होणारी कोवळी पिल्लं तेवढी राहतात, आणि आता ती घ्यायला तयार असलेली राज्यंही फारशी उरलेली नाहीत. पाव टाकणाऱ्यांना दंड जरूर करावा. मात्र ज्या थव्याला पोटभर हिरवळ आहे तो पावावर जगत नसतो.

टिकाऊ काम काठावरचं. पाणी आणि हिरवळ यांच्यामध्ये सहा ते दहा मीटर रुंदीचा, निदान पाऊण मीटर उंच वाढणाऱ्या दाट वनस्पतींचा पट्टा उभा केला, की हंसाला पलीकडचं दिसत नाही आणि संकटात धावत पाणी गाठता येत नाही. पिल्लं असलेली जोडी अशी जागा टाळते. स्थानिक उंच गवतं, लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पती आणि बुटकी झुडपं मिसळून लावायची. बहुतेक ठिकाणी पट्टा फसतो तो पहिल्याच वर्षी: कोवळी रोपं हंसच खाऊन टाकतात. दोन हंगाम त्याला तात्पुरतं कुंपण हवंच. पाऊण मीटर उंच, पिल्लू शिरणार नाही इतक्या बारीक जाळीचं. पाण्यापर्यंत जायला वाट ठेवावी लागते. ती सरळ ठेवली तर हंसांनाही आरपार दिसतं, म्हणून वळणाची काढायची. मग तिसऱ्या वर्षी कुणीतरी ‘तळं दिसत नाही’ म्हणून तक्रार करतं आणि हिवाळ्यापूर्वी नेमकी सगळी पट्टी छाटली जाते. फेब्रुवारीत जागा शोधायला आलेल्या जोड्यांना मोकळा काठ मिळतो, तीन वर्षं पाण्यात. एका वर्षी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हे देखभालीच्या कंत्राटातच लिहिलेलं असावं. या पट्ट्याची एक बाजू मान्य करायला हवी: एखादी मादी त्याच आडोशात घरटं करते. ते तेलाच्या फेरीत शोधून काढता येतं. उघड्या काठावर चरणारे दीडशे पक्षी मात्र कुठल्याच फेरीनं कमी होत नाहीत.

मारण्याच्या बाजूचे लोक इथे विमानांचा मुद्दा काढतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 22 सप्टेंबर 1995 रोजी अलास्कातल्या एल्मेनडॉर्फ तळावर उड्डाण करताच हंसांचा थवा इंजिनांत गेला आणि हवाई दलाचं विमान कोसळून 24 जण मेले. 15 जानेवारी 2009 रोजी हंसांची धडक बसल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानातले सगळे, 155 जण, वाचले. त्यानंतर 2010 च्या जुलैत ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमधले सुमारे 400 हंस पकडून मारले गेले. पण हडसनच्या अपघातातल्या पक्ष्यांच्या पिसांची अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा ते कॅनडातल्या लॅब्राडोरच्या बाजूचे स्थलांतरित हंस निघाले, उद्यानातले मुक्कामी नव्हेत. यावरून मुक्कामी हंसांचा विमानांना धोका नसतो असं ठरत नाही. धावपट्टीजवळ बारमाही राहणारा जड पक्षी धोकादायकच, आणि तिथे त्यांना हटवायला माझा विरोध नाही. ठरतं एवढंच, की विमानतळापासून दूर असलेल्या प्रत्येक तळ्यावरच्या कत्तलीला विमानसुरक्षेचं नाव देता येत नाही. पायवाटेवरच्या घाणीसाठी पक्षी मारायचे असतील तर ठरावात तसंच लिहावं.

डेन्व्हरनं 2019 मध्ये चार उद्यानांतून सुमारे 1,600 हंस पकडून मारले आणि मांस गरजू कुटुंबांना दिलं. ते शहर त्याआधी कित्येक वर्षं अंड्यांना तेल लावत होतं. यावरून तेल कुचकामी आहे असा अर्थ काढणारे वरचा हिशेब विसरतात: जुने पक्षी मरत नाहीत, बाहेरचे येत राहतात आणि हिरवळ तशीच आहे. म्हणूनच मारण्याला कायमची बंदी घाला, असंही मी म्हणणार नाही. कधीकधी संख्या इतकी फुगलेली असते, की एकदा ती खाली आणल्याशिवाय तेलाचं मंद गणित आवाक्यात येत नाही. पण काठ तसाच ठेवून केलेली पकडापकडी म्हणजे जागा रिकामी करून देणं. शेजारच्या तळ्यांवरच्या तरुण जोड्या ती भरून काढतात आणि पालिकेला पुन्हा कंत्राट काढावं लागतं.

विरोधकांनाही एक सांगायचंय. हंस मारू नका म्हणणारे काही जण अंड्यांच्या तेलालाही क्रूर म्हणतात, उंच पट्ट्यालाही विरोध करतात, आणि कुत्र्यानं पक्षी ‘घाबरतात’ म्हणून नाराज होतात. या तिन्ही गोष्टींना नाही म्हणणारा माणूस प्रत्यक्षात जुलैच्या पकडापकडीची तयारी करत असतो, त्याला हवं असो वा नसो.

कायद्याची अडचण लोक समजतात तेवढी मोठी नाही. 1916 च्या अमेरिका-कॅनडा करारानं आणि 1918 च्या कायद्यानं हा पक्षी, त्याचं घरटं आणि अंडी, सगळ्यांनाच संरक्षण आहे. मात्र 2006 पासून अमेरिकेत जमीनमालकाला किंवा पालिकेला केंद्रीय खात्याकडे दरवर्षी मोफत ऑनलाइन नोंदणी करून 1 मार्च ते 30 जून या काळात मुक्कामी हंसांची घरटी-अंडी हाताळता येतात. काही राज्यांत वेगळा परवानाही लागतो. कॅनडात केंद्राच्या पर्यावरण खात्याकडे अर्ज करावा लागतो. नोंदणी जमीनमालकाच्या नावानं होते, म्हणून गोल्फ मैदान, शाळा आणि सपाट छपरांचे मालक यांची संमती जानेवारीतच गोळा करावी लागते. घरटी हुकण्याचं अर्धं कारण इथे आहे.

तेव्हा परिषदेनं हा विषय जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये, अंदाजपत्रकाबरोबर घ्यावा आणि पाच वर्षांसाठी घ्यावा. डिसेंबरपर्यंत काठाची मोजणी आणि कुंपणाची खरेदी, फेब्रुवारीत कुत्र्यांच्या फेऱ्या, मार्चच्या अखेरीस घरट्यांचा नकाशा, एप्रिलमध्ये तेलाच्या तीन फेऱ्या, मेअखेर उठवणी. दर महिन्याला एकाच वेळी, त्याच वाटेनं पक्ष्यांची मोजणी. केंद्राकडे 31 ऑक्टोबरपर्यंत किती घरटी आणि किती अंडी हाताळली याचा अहवाल द्यावाच लागतो. तोच परिषदेपुढेही ठेवावा, न सापडलेल्या घरट्यांच्या अंदाजासह. उडायला न लागलेल्या पिल्लांची जूनमधली मोजणी त्याशेजारी मांडली की तो अंदाज आपोआप तपासला जातो. सलग दोन वसंतांत तीन चतुर्थांश घरटी हाताळल्याचं आणि काठाचा पट्टा उभा राहिल्याचं या कागदांवर दिसत नसेल, तर पकडापकडीची निविदा काढायला परवानगी देऊ नये.